एकच मेंढरू न्यायचं होतं

बसा, बसा. चहाला आधण ठेवलंय, अजून आलं ठेचायचंय. तेवढ्यात माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. सांगवीत दुसऱ्या कुणाला विचाराल तर तो पदरचं घालून सांगेल. आणि खरं सांगू का, पदरचं घालायला त्यात जागाच उरलेली नाही!

फजिती झाली इंग्रजीपायी. आता तुम्ही म्हणाल, आबा, तुमचं टोमॅटोचं रान, भेंडीचं रान, तुमचा इंग्रजीशी संबंध काय? ऐका तर.

माझी नात ईश्वरी. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. घरात हिची टकळी सुरू झाली की कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबतं. पहिली झाली गावच्या मराठी शाळेत. यंदा मुलानं आणि सुनेनं ठरवलं, इंग्रजी शाळेत घालायचं. शाळा आमच्या वस्तीपासून कालव्याच्या कडेनं पंधरा मिनिटं चालत. नवा गणवेश आला, टाय आला, पाण्याची रंगीत बाटली आली. सगळं आलं आणि पोरीचं तोंड गेलं.

व्हय, वर्गात बोलेचना! घरी पोपट आणि शाळेच्या फाटकात शिरली की मुकी. आम्हाला पत्ताच नव्हता. दिवाळीनंतर मिसचा निरोप आला सुनेच्या, अश्विनीच्या मोबाईलवर. शनिवारी प्रत्येक मुलानं घरून काहीतरी आणायचं, ते वर्गापुढं दाखवायचं आणि एक असेल तर काय म्हणायचं, पुष्कळ असतील तर काय म्हणायचं, ते इंग्रजीत सांगायचं. खाली आणखी एक ओळ होती. ईश्वरी या वेळीही बोलली नाही तर तिला पुन्हा पहिलीत बसवावं लागेल.

अश्विनीची भाकरी तव्यावर करपली. तिच्या हातची भाकरी करपली म्हणजे घरात काहीतरी मोठं झालंय, एवढं समजून जायचं.

ईश्वरी कोपऱ्यात बसून म्हणाली, "पैलीतली बारकी पोरं मला ताई म्हनतील."

आणि रडायला लागली हो. तुम्हाला सांगतो, गारपिटीनं रान झोपलं तेव्हा मी रडलो नव्हतो. पण ते 'ताई' ऐकलं आणि मी टोपीनं डोळे पुसले.

मी ताडकन उठलो. "मी हाय ना! आठ दिसात पोरगी इंग्रजी झाडती का न्हाय बघा!"

आमची मंडळी चुलीपुढं होती. आता मंडळी म्हणजे एकटी बायकोच, पण आपल्याकडं एकट्या बायकोला मंडळी म्हणतात, आणि का म्हणतात ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. ती मान न वळवता म्हणाली, "अवो, तुमी बारावीला इंग्रजीतच गेला व्हता ना?"

"एका मार्कानं!"

"व्हय. तीन येळा, एकेका मार्कानं."

सोडा. दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगच्या शेडमध्ये आमची शाळा भरली. मी उलट्या क्रेटवर, ती सुलट्या क्रेटमध्ये. पहिल्यांदा तर मला वाटलं, इंग्रजांनी काय सोपं करून ठेवलंय! एकाला काही नाही, पुष्कळांच्या मागं 'स' लावायचा. क्रेट, क्रेट्स. बाटली, म्हणजे बॉटल, बॉटल्स. दोन दिवसात मी पोरीला मामलेदार करतो!

मग गाडी अडकायला लागली. बॉक्सला नुसता एस चालत नाही, ई-एस लागतो. टोमॅटोलाही ई-एस. बघा, चाळीस वर्षं टोमॅटो पिकवतोय, त्याच्या शेपटाला एक ई लागतो हे मला एका व्यापाऱ्यानं सांगितलं नाही! नाइफचं नाइव्ज, लीफचं लीव्ज. चाइल्डचं तर विचारूच नका, चिल्ड्रन. पोरं वाढली की नाव पण वाढतं.

ईश्वरीला मात्र पटापट यायचं. एकदा म्हणाली, "आबा, टूथ एक. माजे दोन पडल्यात म्हनून टीथ." आणि ती मोकळी खिडकी दाखवून हसली.

मला चेव चढला. म्हटलं, "माऊसचं माइस, तसं हाऊसचं हाइस!"

"आबा, हाऊसेस!"

"तेच म्हनलो."

तर असं कोण कुणाला शिकवत होतं, ते तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या दिवशी तिनं क्रेटच्या आत मान घालून विचारलं, "आबा, मेंढरू एक असलं तरी शीप आन् लई असली तरी शीप. असं का?"

"इंग्रजांची मर्जी. आपला दगड न्हाय का? एक दगड, धा दगड."

"पर मेंढरू काय दगड हाय का?"

मग तिनं हळूच सांगून टाकलं. पहिल्याच आठवड्यात मिसनी मेंढ्यांचं चित्र दाखवून विचारलं होतं. हिला मेंढरं जन्मापासून माहीत. हिनं सगळ्यात आधी हात वर केला आणि ओरडली, "शीप्स!" आख्खा वर्ग हसला. तो हात जो खाली गेला, तो पुन्हा वर आलाच नाही.

चार महिने पोरगी एवढंसं ओझं घेऊन कालव्यानं जात-येत होती आणि आम्ही घरात विचारत होतो, डबा संपवलास का?

आता मेंढरांचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यांचाच. धुळातात्या आमचा जुना माणूस, इंदापूरच्या कळसकडचा. दरवर्षी टोमॅटो निघून रान मोकळं झालं की त्याची दीडशे मेंढरं आठ-दहा दिवस आमच्या रानात मुक्कामाला बसवायची. लेंडीखत रानाला, धान्याचं पोतं तात्याला. माझ्या वडलांपासूनची रीत. त्या आठवड्यात कळप रानातच होता आणि ईश्वरी शाळेतून आली की दप्तर फेकून तिकडंच.

एक दिवस मी बाभळीआड उभा राहून ऐकलं. पोरगी मेंढरांशी इंग्रजीत बोलत होती! "धिस इज लीफ. दीज आर लीव्ज. ईट!" घडाघडा, न अडखळता. मेंढरं हसत नाहीत ना. ऐकून घेतात आणि पाला खातात.

त्याच दिवशी ती म्हणाली, "आबा, शनवारी मी मेंढराचं चित्र नेनार."

ज्या शब्दाला हसले, तोच शब्द घेऊन पोरगी उभी राहणार होती. माझा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की माझं डोकं चालत नाही, हा माझा जुना आजार.

"चित्र?" मी म्हटलं. "दारात दीडशे मेंढरं असताना चित्र? आपन खरं मेंढरू नेऊ!"

"अवो, चित्रच द्या काढून," मंडळी म्हणाली. "शाळा हाय ती, बाजार न्हवं."

पण ईश्वरीचे डोळे असे चमकले होते की आता माघार कशी घ्यायची?

शुक्रवारी धुळातात्याला गाठला. "तात्या, उद्या घटकाभर एक मेंढरू शाळेत न्यायचंय."

तात्यानं फेट्यात बोट घालून डोकं खाजवलं. "न्या की आबा. ईश्वरीचं काम म्हंजी माजंच काम. पर मी काढून देतो. तुमी हात लावू नगा. मेंढराचं येगळं असतंय."

बघा, माणसानं स्वच्छ सांगितलं होतं.

शनिवारी शाळा आठची. साडेसातला रानात गेलो तर तात्या गायब. एका पिलाला हगवण लागली म्हणून जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणायला मोटारसायकलवर गेलेला. त्याची बायको हिराबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. म्हणाली, "थांबा आबा, येतीलच येवढ्यात."

दहा मिनिटं थांबलो. ईश्वरी टाय घट्ट धरून उभी. "आबा, उशीर झाला तर मिस आत घेत न्हाईत."

"अगं, एक मेंढरू निवडायला काय कलेक्टर लागतोय?" असं म्हणून मी मेंढरांभोवतीची जाळी उचलली.

आता माझी निवड ऐका. चाळीस वर्षं मेंढरं रानात बसवली, पण माझी नजर कायम लेंड्यांवर. मेंढराच्या तोंडाकडं मी आयुष्यात कधी नीट बघितलं नव्हतं. म्हटलं, नातीच्या इज्जतीचा प्रश्न आहे, देखणं न्यावं. एक मेंढा होता, उंचापुरा, पाठीवर लाल रंगाचा पट्टा, गळ्यात पितळी घंटी. सगळ्यात रुबाबदार. त्याच्या गळ्यात दोरी अडकवली, नाकापुढं घासाची पेंढी धरली, तर गडी काय शहाण्यासारखा निघाला! मी म्हटलं, बघ, तात्या उगीच बाऊ करत होता.

जाळी परत लावायची असते हे मला माहीत होतं का? होतं. लावली का? आता ते विचारू नका.

निघालो. पुढं मी, हातात दोरी. शेजारी ईश्वरी. सगळ्या वाटेनं माझी उजळणी चालू. "वन शीप. पुढं?"

"मेनी शीप."

"शाब्बास! मोठ्यानं."

कालव्यावर पोरांनी सायकली थांबवल्या. दुधाच्या गाडीवाला गाडी बाजूला घेऊन उभा राहिला. मला कौतुक वाटलं, नातीला शाळेत सोडणारा आजोबा बघून लोकं वाट देतात, अजून माणुसकी आहे म्हणायची! एका मोटारसायकलवाल्यानं तर विचारलं, "आबा, मोर्चा कुठं निगाला?"

"शाळेत!" मी ऐटीत सांगितलं.

मागं स्कूल बस नुसती पों पों करत होती. मी हात करून तिला पुढं जायला सांगितलं. ती जाईना. म्हटलं, ड्रायव्हर नवा असेल.

तेवढ्यात ईश्वरीनं मागं बघितलं. "आबा, मेनी शीप."

"बरोबर."

"आबा! मेनी शीप!"

"अगदी बरोबर! पर मागं बघू नगंस, मन लावून म्हन!"

"आबाऽऽ! मेनी, मेनी शीप!"

"हे बघ, एकदाच मेनी म्हनायचं. दोनदा म्हनलं की मार्क कापत्यात."

माझा डावा कान जरा अधू आहे, हे सांगायचं राहिलं. आणि घंटी नेमकी उजव्या कानाशी वाजत होती. धुळीचा वास येत होता, पण वाऱ्यानं येत असेल म्हटलं.

फाटकाशी आलो. वॉचमन आ वासून बघत होता. मी म्हटलं, "परवानगी हाय. मिसनीच आनायला सांगितलंय."

"समदी?" त्यानं विचारलं.

"समदी म्हंजी?" असं म्हणून मी पहिल्यांदा मागं वळलो.

काय सांगू! कालव्याच्या वळणापर्यंत मेंढरंच मेंढरं. पांढरी, काळी, मोठी, पिलं. त्यांच्या मागं स्कूल बस, बसमागं दुधाची गाडी, दुधाच्या गाडीमागं ऊस भरलेला ट्रॅक्टर. आणि सगळ्यांच्या पुढं, हातात दोरी धरून, टोपी नीट करत उभा असलेला मी!

मी गडबडीत मेंढ्याला मागं ओढलं. तो गडी घाबरला आणि थेट फाटकातून आत शिरला. तो आत गेल्यावर बाकीचे बाहेर कशाला थांबतात? दोन मिनिटात दीडशे मेंढरं प्रार्थनेला हजर!

पोरं रांगा मोडून नाचायला लागली. झेंडूची नवी लावलेली रोपं बघता बघता साफ. एक पिल्लू माईकपाशी जाऊन असं काही ओरडलं की सगळ्या शाळेत घुमलं. मोठ्या मॅडम पायरीवर आल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मेंढरं तेवढीच होती.

"हूज शीप आर दीज?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. बारावीचं, टोमॅटोचं, बॉक्सचं, सगळं इंग्रजी घशात येऊन बसलं आणि बाहेर एक शब्द पडेना. ईश्वरीकडं बघितलं. तिचा खालचा ओठ थरथरत होता. तेव्हा मला माझीच एवढी लाज वाटली म्हणून सांगू. पोरीला एकदा हसले तर ती चार महिने गप्प झाली. आता तर मी सगळ्या शाळेदेखत तिचं हसं करून ठेवलं होतं. पहिली काय, ही पोर आता शाळेतच जायची नाही, असं मला वाटलं.

आणि ईश्वरीनं हात वर केला.

"मॅडम, वन शीप वी ब्रिंग," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण थांबली नाही. "ओन्ली वन. मेनी शीप, दे ओन्ली कम. आबा डोन्ट सी." मग वर्गाच्या रांगेकडं वळून, जी पोरं तिला हसली होती त्यांच्याकडं बघून ओरडली, "वन शीप! मेनी शीप! नो एस!"

पोरं हसली. हसली, पण माझ्याकडं बघून. आणि तुम्हाला सांगतो, लोकांनी मला हसावं असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, हसा रे बाळांनो, पोटभर हसा. मलाच हसा.

मिस मॅडमच्या कानाशी काहीतरी बोलल्या. त्यांचे डोळे ओले झालेले मला लांबून दिसले.

एवढ्यात धुळातात्याची मोटारसायकल आली. त्यानं उतरून जिभेनं एक 'ट्रर्रर्र' असा आवाज काढला आणि मघाशी कुणाच्या बापाला न जुमानणारी मेंढरं मुकाट त्याच्याभोवती गोळा झाली.

"आबा," तो म्हणाला, "कळपात दीडशे डोकी हायत. त्यातला सरदारच सापडला व्हय तुमास्नी?"

"सरदार?"

"घंटीवाला. त्यो पुढं चालला की समदी त्याच्या मागं. त्यो हिरीत उतरला तर हिरीत उतरतील. म्हनून म्हनलं व्हतं, मी काढून देतो."

पोरांनी तात्याला वेढा घातला. एकानं विचारलं, एकच मेंढरू आणलं असतं तर?

"एकटं मेंढरू र्‍हात न्हाय बाळा," तात्या म्हणाला. "खात न्हाय, पानी पीत न्हाय, वरडून वरडून अर्धं व्हतं. चारी अंगाला आपली मानसं लागत्यात त्याला. एक म्हनून मेंढरू नसतंच."

ईश्वरी सरदारच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, म्हनून दोनीला शीपच म्हनत्यात!"

इंग्रजांनी त्यासाठीच तसं ठेवलं असेल-नसेल, मला माहीत नाही. पण मी मनात म्हटलं, आम्ही पोरीला टाय दिला, बाटली दिली आणि फाटकात एकटी सोडून आलो. कळपाचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्या दिवशी मात्र दुसरीतली सगळी पोरं तिच्याभोवती. सरदार काय खातो, चावतो का, पिलाला दूध कोण पाजतं? आणि आमची बया मराठी-इंग्रजीची मिसळ करून सगळ्यांना उत्तरं देत होती. वर्गात बसवायला मिसना तिला गप्प करावं लागलं. गप्प! ईश्वरीला!

मी झाडू मागितला. तात्या म्हणाला, लेंड्या लोटू नका, वाफ्यात ओढा. पुढच्या आठवड्यात मी झेंडूची दुप्पट रोपं नेऊन लावली. मॅडम अजून मला बघितलं की आधी माझ्या मागं बघतात. पण ईश्वरी दुसरीतच राहिली.

झालं, संपलं असं मला वाटलं होतं. परवा पालकसभा होती. अश्विनीला बरं नव्हतं म्हणून ईश्वरीला घेऊन मी गेलो. वर्गाच्या भिंतीवर मुलांची चित्रं लावलेली. ईश्वरीचं मधोमध. मोठा कळप, सगळी मेंढरं पांढरी, गोंडस. सगळ्यात पुढचं मेंढरू जरा वेगळं. त्याला मिशा आणि डोक्यावर टोपी.

पंधरा-वीस पालक जमलेले. मी कौतुकानं विचारलं, "ह्या मेंढराला टोपी कशाला गं?"

मिसनी तोंडाला रुमाल लावला. ईश्वरी उभी राहिली, हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दॅट इज माय आबा. ही वॉक्स इन फ्रंट. ही नोज नथिंग."

एक चूक नाही हो. खाली मिसनी लाल शाईनं 'व्हेरी गुड' दिलंय.